‘कीप’चा चौदावा अर्थ

आर. के. पुरम,
मंगळवार

प्रिय धवल,

तूच आहेस ना? माझी चूक होत असेल, तर ज्या अनोळखी माणसाला हे वाचावं लागतंय त्याने मला माफ करावं. पण चूक होणार कशी? स्कूटरची दुसरी किल्ली मेतकुटाच्या डब्यात ठेवणारं घर साऱ्या देशात एकच असेल, आणि त्याच घराच्या स्वयंपाकघरात बसून मी हे लिहिते आहे. चहा दोनदा गरम केला आणि दोनदा तसाच राहिला. ऑफिसला तब्येत बरी नाही म्हणून कळवलं, ते काही अगदीच खोटं नाही.

मी तुझ्यापर्यंत कशी पोचले, ते आधी सांगते. मिनिस्ट्रीतली भाषांतराची नोकरी आहेच. वर गेल्या वर्षापासून नोएडाच्या एका कंपनीचं काम घरी करते (रीतसर परवानगी काढून, मी काही बदललेले नाही). त्यांचं इंग्रजी-मराठी कोशाचं ॲप आहे. एकेका इंग्रजी शब्दाचे मराठी अर्थ ठरतात, कुठलीकुठली माणसं प्रत्येक अर्थाला एक वाक्य लिहून पाठवतात, आणि मी ती मंजूर किंवा नामंजूर करते. पाठवणाऱ्याचं नाव मला दिसत नाही, फक्त क्रमांक दिसतो. तू चारशे सतरा आहेस.

आज ऑफिसला निघण्याआधी थोडं काम उरकावं म्हणून ‘कीप’ उघडला. एवढासा शब्द आणि अर्थ चौदा. ठेवणे, पाळणे, राखणे, जपणे, सांभाळणे, टिकणे. मराठीत आपण प्रत्येक कामाला वेगळा माणूस लावतो, इंग्रजांनी एकाच गड्याकडून सगळं करून घेतलंय. चौदाही वाक्यं चारशे सतराची होती. पहिलंच वाक्य, ‘वडील स्कूटरची दुसरी किल्ली मेतकुटाच्या डब्यात ठेवत.’ ‘मंजूर’वर नेलेलं बोट तिथेच थांबलं. तुला मेतकुटाचा वासही सहन होत नसे, म्हणून तर आप्पांनी ती जागा हेरली होती. हे आपल्या तिघांशिवाय कुणाला ठाऊक? आई तर तेव्हाही नव्हती.

मग एकेक वाक्य वाचत गेले. जपणे: ‘आई गेल्यावर त्याने तिच्या चष्म्याची डबी जपली.’ अरे, ती डबी आम्ही महिनाभर शोधली! टिकणे: ‘जूनमध्ये सकाळची आमटी संध्याकाळपर्यंत टिकत नसे.’ हसू आलं आणि त्याच हसण्यात रडूही आलं. मग तो अर्थ आला, पोटापाण्याचा. ‘“तू स्वतःच्या जेवणापुरतं तरी कमावतोस का?” असं वडिलांनी पाहुण्यांसमोर विचारलं.’

त्या दुपारी यूपीएससीचा निकाल लागला होता आणि चौथ्यांदा यादीत तुझं नाव नव्हतं. सकाळी करोल बागेतल्या क्लासला गेलास तो तसाच तोंड पाडून परत आलास, आणि घरात नेमके साताऱ्याचे पाहुणे. आप्पांनी विचारलं. तू ताट सारलंस, हात धुतलेस, चपला घातल्यास. आम्हाला वाटलं, खाली पानाच्या टपरीपर्यंत गेला असशील. त्याला अकरा वर्षं झाली. पोलीस झाले, पेपरात फोटो झाला, करोल बागेतली एकेक खोली मी पालथी घातली. अलीकडे तर तुझ्याबद्दल बोलताना मी ‘होता’ म्हणायला लागले होते. देवा, जिवंत माणसाबद्दल मी ‘होता’ म्हणत होते.

त्याच्या पुढचा अर्थ गप्प राहण्याचा. तिथे तू तीनच शब्द खर्चले आहेस. ‘बहीण गप्प राहिली.’ हे वाचून मी खुर्चीवरून उठले आणि उगीचच ओटा पुसला. खरं आहे, धवल. ‘आप्पा, पुरे’ एवढं म्हणायला काय लागत होतं? मी पाहुण्यांना पोळ्या वाढत राहिले. पोळ्या गरम वाढायच्या, याचीच मला काळजी.

कंपनीतल्या क्षिप्राला फोन केला. इथेच वाढलेली मराठी मुलगी आहे, स्वभावाने गोड, पण नियमाला पक्की. म्हणाली, “मॅम, नाव तर बिल्कुल नाही देता येणार, पॉलिसी आहे यार, सॉरी.” मग न राहवून मी आप्पांना ते पहिलं वाक्य नुसतं वाचून दाखवलं. कशातलं, कुणाचं, काही बोलले नाही. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आप्पा भिंतीला धरून स्वयंपाकघरात गेले, डबा काढला, आत बोटं घालून किल्ली चाचपली आणि झाकण लावलं. स्कूटर केव्हाच भंगारात गेली, किल्ली मात्र अजून तिथेच असते. पिवळी बोटं पंचाला पुसत त्यांनी विचारलं, कुठून आलंय? मी म्हटलं, नोएडाहून. “म्हणजे मेट्रोने येईल,” म्हणाले, आणि तेव्हापासून दाराकडे तोंड करून बसलेत. तू नोएडात आहेस की आणखी कुठे, मला ठाऊक नाही, पण त्यांना ते सांगायची माझी हिंमत नाही.

आता चौदावं वाक्य. राखून ठेवणे: ‘त्याच्यासाठी घरात कुणी काही राखून ठेवलं नाही.’ मी दोनदा बदलीसकट आलेलं प्रमोशन नाकारलं, कारण आप्पा हे सरकारी क्वार्टर सोडायला तयार नाहीत. “त्याला हाच पत्ता ठाऊक आहे,” एवढं एकच त्यांचं म्हणणं. तिसऱ्यांदा नाकारता येणार नाही. माझी चेन्नईला बदली झाली आहे आणि तीस तारखेला हे घर रिकामं करायचंय. तुझी बाकीची तेरा वाक्यं मी मंजूर केली. मी गप्प राहिल्याचंही केलं, ते खरंच आहे, लोकांनी खुशाल वाचावं. पण मंजूर वाक्याला शेरा लिहिता येत नाही. नामंजूर झालेलं तेवढंच शेऱ्यासकट पाठवणाऱ्याकडे परत जातं. हे सगळं पत्र मी त्या शेऱ्याच्या रकान्यात लिहिते आहे. तुला या घरातून एकदा नाकारलं, पुन्हा नाकारताना जिवावर येतंय रे, पण तुझ्यापर्यंत यायला मला दुसरा रस्ता नाही. तेव्हा वाक्य क्रमांक चौदा नामंजूर. मजकूर वस्तुस्थितीला धरून नाही. तीस तारखेच्या आत समक्ष येऊन दुरुस्त करावा. किल्ली जागेवर आहे.

तुझीच,
देविकाताई