मॅक्सिन म्हणेपर्यंत

२७ मे

आम्हा इथल्या मूळ रहिवाशांवर आजवर झालेल्या अन्यायांत आज एकाची भर. गोऱ्यांच्या मीठ कंपनीने सलोखा सप्ताहाचा टी-शर्ट दिला, तो काखेत काचतो! जमिनी नेल्या, पोरं पळवली, आणि आता हे. पाठीवर छापलंय – 'सोबत चालू या'. चालायचं राहू दे, हात वर होत नाही. मापं पर्थच्या ऑफिसात ठरली, तिथल्या काटकुळ्या पोरींवर बेतून.

आज नव्या टगचं बारसं झालं. मिठाची जहाजं धक्क्याला ओढून आणणारी बोट. पुढच्या बाजूला पांढऱ्या ठळक अक्षरांत – डल्सी. आमच्या डल्सी मावशीचं नाव. मावशी चाकाच्या खुर्चीत, टोपीला पीस खोचून, राणीसारखी.

कंपनीने परवानगी मागितली तेव्हाच मी चिडले होते. "मावशी, तुझा झेंडा करून मिरवतील."

ती हसली. "मिरवू दे की. नाव घेता कुणालाही येतं गं. गप्प बसता येतं का, ते बघायचंय मला."

म्हातारपण बोलतंय, असं वाटलं मला.

३ जून

मावसभाऊ मर्व्हला त्याचा टी-शर्ट अगदी बसतो. आता ह्यापुढे काय बोलणार!

१९ जून

मावशी गेली. सकाळी, लेकीच्या हातचा चहा अर्धा पिऊन.

आता तिचं नाव इथेही लिहायचं नाही. लेक मॅक्सिन, ती म्हणेपर्यंत कुणीच घ्यायचं नाही. हाक कानावर आली की गेलेलं माणूस मागे वळतं. वाट लांबची – सारखं वळून कशी सरायची?

फोटो भिंतीकडे तोंड करून ठेवले.

२० जून

आणि बंदराच्या रेडिओवर टगला दिवसभर त्याच नावाने हाका! जहाज आलं की नाव. दोर सोडला की नाव. होडीवाल्या प्रत्येक घरात ओट्यावर हा रेडिओ सुरू असतो. मॅक्सिनने तिचा बंद केला. म्हटलं, बरं केलंस.

"मी केला गं बंद. आईला ऐकू येतंय ते कसं बंद करू?"

हाका थांबेपर्यंत आईला मातीत ठेवणार नाही म्हणते.

२१ जून

कंपनीच्या फाटकावर फलक लागला. मोटारीएवढा मावशीचा फोटो, खाली नाव, भोवती फुलं. मनापासून केलेलं – तेच तर वाईट. मॅक्सिन तिथूनच गाडी वळवून घरी आली आणि दार लावून बसली.

मर्व्ह, दुसऱ्या मावशीचा मुलगा. जगात त्याला सगळे चांगलेच भेटतात.

"नोएलीन, तू कंपनीच्या सलोखा समितीवर आहेस ना? जाऊन सांग."

"सांगून काय? पोटसमिती नेमतील."

"थांबवतील बघ."

"आठवडाभर तोंड आवरलं तरी खूप!"

"आणि मॅक्सिन म्हणेपर्यंत आवरलं तर?"

"तर तो टी-शर्ट घालून अख्ख्या धक्क्यावरून चालेन!"

मूर्खाने लगेच टाळीसाठी हात पुढे केला. मीही दिली.

रात्रीच्या आत शनिवारच्या पेपरातलं माझं सदर लिहून काढलं, कंपनीवर. विषारी. फार सुंदर उतरलंय.

२२ जून

फिलिपाला गाठलं. बंदराची मॅनेजर ती, नाक उन्हाने कायम सोललेलं. फलकाचं सांगितलं तशी पांढरी पडली. "आत्ता उतरवते. आणि टगचं नाव... किती दिवस?"

"मॅक्सिन म्हणेपर्यंत."

"साधारण?"

"साधारण मॅक्सिन म्हणेपर्यंत."

"मला वर कळवावं लागतं गं. तारीख मागतात."

"आम्हीही बऱ्याच गोष्टींच्या तारखा मागत होतो." निघून गेलं तोंडातून.

ती रागावली नाही. खिडकीबाहेर बघत बसली. दोन जहाजं बाहेर खोळंबलेली. मग फोन उचलून म्हणाली, "टग बांधून ठेवा. ...नाही, बिघाड नाही. घरात मयत झालंय."

घरात!

भांडायची सगळी तयारी करून गेले होते. भांडण तसंच परत घेऊन आले.

२४ जून

टगला धुरी दिली. ही कल्पना ना माझी, ना समितीची. टगचा कप्तान टॉमिच काल टोपी हातात घेऊन मॅक्सिनच्या दारात उभा – "माणूस गेलं की घराला धूर देता ना? मग तिचं नाव मिरवलं त्या बोटीला नको?"

मॅक्सिनने दार पुरतं उघडलं. मग म्हणाली, "पानं ओली आणा."

आज ती पुढे, आम्ही मागे. पानांनी धूर धरला मात्र, टगवरच्या धोक्याच्या सगळ्या घंटा एकदम सुरू! बंद कशा करायच्या, टॉमिचलाही आठवेना. धूर तिथे आग विझवायचं नळकांडं हवंच, हा कंपनीचा नियम – म्हणून फिलिपा ते लाल नळकांडं पोराला कवटाळावं तसं कवटाळून उभी. डोळ्यांतून धारा.

"धुराने," म्हणाली.

"हो. ओली पानं झोंबतातच," मी म्हटलं. टोमणा जिभेवर आला होता. गिळला. पचलाही.

नावावर खलाशांनी रंग मारलाय. छटा जुळली नाही, मोठं काळपट ठिगळ दिसतंय. मला तर फार आवडलं.

संध्याकाळी मॅक्सिन आपणहून बोलली – "शुक्रवारी आईला नेऊ."

सदर फाडून टाकलं. पेपरात मावशीच्या मासळीच्या कालवणावर लिहून दिलं. तिचं नाव न घेता.

२७ जून

पोचवलं मावशीला. खलाशी सगळ्यात मागे, इस्त्रीच्या शर्टांत. वळून बघायला तिला कुणी लावलं नाही.

९ सप्टेंबर

रेडिओवर नवा माणूस आलाय. आज त्या नावाचं पहिलं अक्षर उच्चारलंच त्याने! तेवढ्यात टॉमिच मध्ये गरजला – "मावशीची टग म्हण, गाढवा!"

कुठल्याशा परदेशी जहाजाचा कप्तान बिचारा गोंधळला. "कुणाची मावशी?"

"आमची," टॉमिच म्हणाला.

आमची म्हणे! न विचारता हक्क सांगायची ह्यांची जुनीच खोड. हा दावा तेवढा मंजूर.

१४ नोव्हेंबर

टी-शर्टला इस्त्री हवी का, मर्व्ह विचारतोय. लक्ष दिलं नाही.

३० मे

मॅक्सिनकडे चहाला गेले होते. तिने ओट्यावरचा रेडिओ लावला. वर्षभरात पहिल्यांदा. बोलायचं बटण दाबलं.

"डल्सी, डल्सी. ऐकतेस का?"

नुसती खरखर. मग टॉमिच, घोगरा – "डल्सी ऐकतेय. बोल, मॅक्सिन."

तिने रेडिओ सुरूच ठेवला. मला कप भरून दिला.

घरी येऊन टी-शर्ट शोधला. अजून काचतो. धक्क्याच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत चालले. टोकाला मर्व्ह गळ टाकून बसला होता. सरकून जागा दिली.