बंद दिव्यांची तपासणी

३ नोव्हेंबर, सोमवार

पॅसेजमधला नवा एलईडी दिवा बटण बंद केल्यावरही मिणमिणतो. धड उजेड नाही, धड अंधार नाही. अशी अर्धवट उत्तरे मी विद्यार्थ्यांकडूनही कधी खपवून घेतली नाहीत.

सूनबाईंचे, म्हणजे मृण्मयीचे मत: "असू दे ना आई, क्यूट दिसतं." ज्या घरात जन्मभर पदार्थविज्ञान शिकवले गेले, तिथे 'क्यूट' ही नोंद निरीक्षण म्हणून ग्राह्य धरता येत नाही.

निखिलचे निदान: "बल्ब फॉल्टी असेल." दुसरा लावला. तोही तसाच. म्हणजे दोष दिव्यात नाही. माझा मुलगा अभियंता आहे, हे मी शेजारी सांगत असते. काही दिवस सांगणार नाही.

४ नोव्हेंबर

जेवताना निखिल म्हणाला, "आई, ठाण्यात एक फ्लॅट बघून येतोय आम्ही. भाड्याचा. ऑफिस जवळ पडेल दोघांना. नक्की काही नाही हं, सहज."

सहज. दोघांनी एकाच वेळी पानात पाहिले, त्यावरून किती सहज ते कळले. मी म्हटले, आमटी फार छान झाली आहे. ती मीच केली होती.

घरात माणसे तीन. वजाबाकी सोपी आहे.

६ नोव्हेंबर

पॅसेजचे कारण सापडले. बटणावरचा तो तांबडा ठिपका, इंडिकेटर. बटण बंद असताना तो जळतो, आणि त्याच्यातून गेलेला अगदी क्षीण प्रवाह दिव्यापर्यंत पोचतो. जुन्या पिवळ्या बल्बला तेवढ्याने जागही येत नसे. एलईडी मात्र तेवढ्यावर गुजराण करतो.

मेन स्विच बंद केला. मी स्टुलावर, मृण्मयी टॉर्च घेऊन खाली.

"आई, तुम्हाला शॉक बसला तर मी निखिलला काय सांगू?"

"मेन बंद नव्हता, असे सांग. पण तो बंद आहे. तेव्हा सांगायला तुझ्याकडे काही उरणार नाही."

"तुम्ही वर्गात पण अशाच होतात?"

"वर्गात टॉर्च हलवलेला मी चालवून घेत नसे."

इंडिकेटरची तार सोडवली, टोकांना टेप लावली, मेन चालू केला. पॅसेजमध्ये संपूर्ण, निर्दोष अंधार. मृण्मयीने टाळ्या वाजवल्या. पोरकट आहे. (टाळ्या ऐकून बरे वाटले.)

९ नोव्हेंबर, रविवार

निखिल-मृण्मयीच्या खोलीतला दिवाही मिणमिणतो, हे आज कळले. मृण्मयी इतके दिवस बोलली नव्हती. "तुम्ही लगेच स्टूल आणाल म्हणून," हे तिचे स्पष्टीकरण. अन्यायकारक, पण अचूक.

तिथे इंडिकेटर नाही. दिव्याला बटणे मात्र दोन: एक दारापाशी, एक पलंगापाशी. दोघांमधल्या तारा भिंतीतून बराच पल्ला शेजारी शेजारी जातात, आणि चालू तारेतली थोडीशी वीज बंद तारेत उतरते. उपाय: होल्डरच्या दोन टोकांत एक लहानसा कपॅसिटर, म्हणजे ही चोरटी वीज दिव्याऐवजी त्याच्यातून जाईल. संध्याकाळी इथे डोंबिवलीतच मानपाडा रोडवर जाऊन, योग्य व्होल्टेजचा आहे याची तीनदा खात्री करून घेऊन आले. दुकानदार कंटाळला. कंटाळो.

घरी येऊन स्टूल मांडले तर मृण्मयी म्हणाली, "आई, आमच्या खोलीचं नंतर करू का? आधी कळू दे, आम्ही इथे आहोत की नाही."

स्टूल परत ठेवले. कपॅसिटर खणात ठेवला.

१२ नोव्हेंबर

विशेष काही नाही. खणाकडे दोनदा जाऊन आले.

१५ नोव्हेंबर, शनिवार

"आई, तुम्ही पण चला ना फ्लॅट बघायला. आणि तुमचा टेस्टर घ्या." मृण्मयीचेच आमंत्रण. गेले.

खरे तर मी दोष शोधायलाच गेले होते. स्वयंपाकघरातल्या ओट्याची उंची चुकीची. बाथरूमच्या फरशीचा उतार उलट. पण खिडक्या मोठ्या, वारा सरळ आरपार, आणि गॅलरीतून दूरवर येऊरचे डोंगर दिसतात. हे मी लिहिते आहे. तिथे बोलले नाही.

मग निखिलने बटणे बंद केली, आणि सगळ्या खोल्यांतले सगळे दिवे मिणमिणत राहिले.

दाखवायला आलेला एजंट म्हणाला, "एलईडीला असं होतंच, मॅडम." त्याच्याकडे पाहिले. तो फोनवर बोलायला बाहेर गेला.

बटण बंद ठेवून होल्डरला टेस्टर लावला: पेटला. म्हणजे बटण न्यूट्रल तोडते आहे, आणि फेज, म्हणजे वीज आणणारी तार, दिव्यापर्यंत तशीच. दुसऱ्या खोलीत तेच, तिसऱ्या खोलीत तेच. चूक सगळीकडे म्हणजे चूक एकाच जागी.

मृण्मयीने विचारले, "सीरियस आहे का आई? तुम्ही नको म्हणालात तर आम्ही नाही घेणार. आमचं ठरलंय तसं."

सगळा निर्णय माझ्या हातात, टेस्टरसकट. 'धोकादायक आहे' एवढेच म्हटले असते तरी ते खोटे ठरले नसते. बटण बंद आहे म्हणून कोणी बल्ब बदलायला गेला, तर शॉक बसू शकतो. दोन शब्द, आणि संध्याकाळी तिघे डोंबिवलीला परत, कायमचे.

पण ते अर्धे उत्तर झाले असते.

म्हटले, "धोका आहे, पण दुरुस्त होईपर्यंतच. मेनपाशी फेज आणि न्यूट्रल उलटे जोडले आहेत. मालकांनी चांगला वायरमन आणावा. अर्ध्या तासाचे काम."

"आणि बाकी घर?"

"ओटा चुकला आहे," मी म्हटले. "वारा चांगला आहे."

परतताना रिक्षात मृण्मयी माझ्या कानाशी म्हणाली, "मला वाटलेलं, तुम्ही नापास कराल."

"पास होणाऱ्या पेपराला नापास करत नाही मी."

तिने माझा हात धरला तो घर येईपर्यंत सोडला नाही. उकाडा असताना. मीही सोडायला सुचवले नाही.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

फ्लॅटमालकांचा निरोप: जोडणी सुलट केली, येऊन खात्री करा. निखिल म्हणाला, "रविवारी आई चेक करेल, मग ठरवू." म्हणजे अजून ठरलेले नाही. काय ठरेल, हे मी विचारलेले नाही, विचारणारही नाही. उत्तर लिहीत असलेल्या माणसाच्या पाठीशी उभे राहू नये, ही माझी जुनी शिस्त.

आत्ता, दिवेलागणीला, मृण्मयी दारात आली.

"आई, तो कपॅसिटर कुठे ठेवलाय?"

"वरच्या खणात. का?" असे विचारणार होते. "वरच्या खणात," एवढेच म्हटले.

खण उघडल्याचा आवाज आला. मग स्टूल ओढल्याचा. मग सगळे घर एकदम काळे झाले, आणि तिकडून हाक आली, "मेन बंद केलाय. तिकडची पण गेली का लाईट?"

"गेली."

"मग या ना. टॉर्च कोण धरणार?"

उरलेले नंतर लिहीन. टॉर्च हलता कामा नये.