नदी कुठल्या अंगाला

३ ऑक्टोबर, शुक्र. जेद्दा

रजा मंजूर. एकदाची. मेट्रन म्हणाली, सिस्टर जुबेदा, गावाला जायचं तर ठीक, हे ब्राझील कुठून काढलंस? म्हटलं, माझा मुलगा आहे बाई तिकडे. मातीत. मग तिने सही केली आणि पेनाचं टोपण शोधत बसली.

ह्यांना घरी येऊन सांगितलं. टीव्हीचा आवाज कमी केला, बस्स. स्वतःला जाता येत नाही ह्याचा राग आहे, तो माझ्यावर निघतो. निघू दे. डायलिसिसवरच्या माणसाला त्या जंगलात कोण नेणार?

५ ऑक्टो., रवि.

पिवळ्या तापाची लस घेतली. हाजी लोकांना टोचण्यात माझा जन्म गेला, आणि आज स्वतःच्या दंडाला सुई लागली तर घळाघळा पाणी. केरळची ती नवी पोर घाबरली. सिस्टर, दुखलं का? हो म्हटलं, दुखलं. नईमने पण जाताना हीच लस घेतली होती. तो गेला दुसऱ्याच तापाने. बोटीचं इंजिन सांभाळणारा आडदांड पोरगा, गुरुवारी फोनवर माझ्याशी भांडला की मम्मी सारखं जेवलास का जेवलास का विचारू नकोस. सोमवारी त्याच्या बोटीवरच्या रऊफचा फोन.

ह्यांच्या बहिणीचा रत्नागिरीहून फोन. बायकांनी कबरस्तानात जाऊ नये म्हणे. मी म्हटलं, मग तुम्ही कोणाला तरी पाठवा. आहे कोणी? ठेवला फोन.

७ ऑक्टो., मंगळ.

आज मशीनवर असताना हे बोलले. आधी छत बघत होते. मग म्हणाले, एकच काम कर. नदी कुठल्या अंगाला आहे तेवढं बघून ये.

मला कळेना. म्हटलं, नदीचं काय?

तर म्हणाले, रऊफ काय म्हणाला होता आठव.

आठवायला कशाला हवं, पाठ आहे. रऊफ आमच्या शेजारच्यांचा मुलगा, नईमच्याच बोटीवर होता. त्यानेच नईमला अंघोळ घातली, त्यानेच दफन केलं. फोनवर रडत रडत सांगत होता, चाची, काही काळजी करू नका, आपल्या गावात ठेवतात तस्साच ठेवलाय. आपल्याकडे खाडीकडे तोंड असतं ना, तसं नदीकडे तोंड करून. किती बरं वाटलं होतं तेव्हा मला! सगळ्यांना सांगत सुटले होते.

हे म्हणाले, गावाहून मक्का मावळतीला. म्हणून आपली माणसं खाडीकडे तोंड करून झोपलेली. पण तिथून मक्का उगवतीला येते, जुबेदा. नदी उगवतीला असेल तर ठीक. मावळतीला असेल तर

मशीनची घंटी वाजली, नळी वाकली होती, मी सरळ केली.

दीड वर्ष ही गोष्ट मनात घेऊन बसलेत. मला एका शब्दाने सांगितलं नाही.

घरी येताना आठवलं. लग्न होऊन जेद्दाला आले त्या पहिल्या दिवशी मी सवयीने समुद्राकडे तोंड करून नमाजाला जानमाज अंथरली होती, मक्केला पाठ करून. हे पोट धरून हसले होते. अगं मक्केच्या दारात आलीस आणि पाठ कसली फिरवतेस! वर्षानुवर्षं शराफियातल्या आपल्या दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला हीच गोष्ट सांगायचे. नईमला पण तोंडपाठ होती.

रऊफ तर कधी इथे राहिलेलाच नाही. गाव आणि बोट, बोट आणि गाव.

११ ऑक्टो., शनि. विमानतळ

नीलू बाबांपाशी राहणार. गोळ्यांचं सगळं सांगून झालं, तरी पुन्हा सांगितलं. मम्मी आय नो, आय नो. मग गळ्यात पडून रडली. भावाचं एक शर्ट दिलंय, म्हणते तिथे ठेव. काय करू शर्टाचं तिथे. घेतलं.

ह्यांनी निघताना फक्त एवढंच, सांभाळून.

१२ की १३, कळत नाही. मनौस

तीन विमानं झाली. पाय सुजून भोपळे. अजून एक छोटं विमान. खिडकीतून नुसतं हिरवं, आणि त्यात नदी. इतकी नागमोडी की कधी ह्या बाजूला दिसते, कधी त्या बाजूला. मला बरंच वाटलं. म्हटलं, अशी वळते तर काहीही असू शकतं.

१४ ऑक्टो., मंगळ. सीमेवरचं गाव

पोचले. एका रस्त्यात देश बदलतो इथे. अर्धा रस्ता ब्राझील, पुढचा कोलंबिया, आणि नदीतलं बेट म्हणे पेरू. शिपाई नाही, फाटक नाही, मोटारसायकलवर बाया भाजी घेऊन ह्या देशातून त्या देशात. मला एका व्हिसासाठी किती नाचवलं!

आणि काय सांगू, गाव आपलंच. माती लाल. फणस. आंबा. पत्र्याची छपरं, अंगणात वाळत घातलेले कपडे, दमट वास. उतरल्या उतरल्या छातीत कळ आली. रऊफला असंच झालं असणार. मित्राचं मढं समोर, आणि आजूबाजूला सगळं रत्नागिरीसारखं. त्याने कुठे होकायंत्र बघायचं?

सामान टाकलं आणि धक्क्यावर गेले. पाणी खूप खाली गेलंय, पायऱ्या उतरून, मग फळ्यांवरून जावं लागतं. हातभर लांब मासे विकायला, एकीने मला खवल्याएवढा तुकडा चाखायला दिला. खाल्ला. उभी राहिले. पोपटांचे थवे गावात परतत होते, कान किटले.

आणि मग सूर्य खाली आला. समोर. नदीत.

मी तिथेच बसले, ओल्या फळीवर. मासेवाली धावत आली, तिला वाटलं चक्कर आली. पाणी दिलं तिने. माझं तोंड बघून तीही बसली शेजारी. तिला काय सांगू, कुठल्या भाषेत?

ह्यांचे मिस्ड कॉल तीन. मेसेज केला, पोचले, थकलेय, उद्या.

१५ ऑक्टो., बुध.

अबू समीर. रऊफने त्यांचाच नंबर दिला होता. म्हातारे पॅलेस्टिनी, गादी-चादरीचं दुकान, तरुणपणी इकडे आले ते इथलेच झाले. कफनाचं कापड त्यांच्याच दुकानातून गेलं. दफनाच्या दिवशी ते स्वतः मनौसला होते, बायकोने कापड फाडून दिलं. माझं हॉस्पिटलातलं अरबी ऐकून हसले. म्हणाले, या उख्ती, अगं बहिणी, तू तर जेद्दाच्या टॅक्सीवाल्यासारखी बोलतेस. मी हसले. आज हसले हे लिहून ठेवते.

कबरस्तान गावाबाहेर, टेकाडावर. सगळे क्रूस. एका कोपऱ्यात आमचा. लाकडी पाटी, त्यावर रऊफच्या अक्षरात मराठीत नईम इस्माईल. बाकी सगळं परक्या भाषेत आणि मधेच हे. गवत कापलेलं. अबू समीर दर महिन्याला माणूस पाठवतात.

खाली नदी दिसते तिथून. स्वच्छ.

मी काही विचारलं नाही. तेच म्हणाले, तुला कळलंय ना. म्हटलं, काल कळलं. म्हणाले, मी मनौसहून आलो त्या दिवशीच बघितलं. तो मुलगा इथे बसला होता, कोपरापर्यंत चिखल. तापाच्या भीतीने कोणी हात लावेना, त्याने एकट्याने अंघोळ घातली होती. भर पावसात खणलं होतं. मला म्हणाला, चाचा, सगळं नीट केलंय ना? मी काय म्हणणार? म्हटलं, उत्तम केलंस, बाळ.

मग म्हणाले, मी एका जाणत्या माणसाला विचारलं होतं. तो म्हणाला, आता शरीर बदललं असेल, उकरू नका, अल्लाहला दिशा माहीत आहेत.

अल्लाहला माहीत आहेत. ह्यांना काय सांगू?

१६ ऑक्टो., गुरु.

एकटी गेले आज. मोटारसायकलवाल्याने थांबतो म्हणून खूण केली.

नईम लहानपणी रुसला की भिंतीकडे तोंड करून झोपायचा. मी काही बोलायची नाही. झोप लागली की खांद्याला धरून हळूच कूस बदलायची, माझ्याकडे. सकाळी त्याला कळायचंच नाही. ह्यांनी एकदा बघितलं, म्हणाले, तू त्याला हरवतेस आणि त्याला पत्ता नाही.

हॉस्पिटलात तर तेच काम. पडून असलेल्या पेशंटची कूस बदलायची, नाहीतर पाठीला जखमा होतात. कोणाकोणाला फिरवलं मी! बेदू म्हाताऱ्या, बांगलादेशी मजूर, अंगाने हत्ती असलेले शेख. एक हात खांद्याखाली, एक कमरेखाली. झोपेत पण जमेल मला.

आणि माझा पोरगा इथे मक्केला पाठ करून, मला पाठ करून झोपलाय आणि मी हातभर मातीवर बसलेय. हात ठेवले मातीवर. दोन्ही. खांदा कुठे असेल, कंबर कुठे असेल, अंदाज घेतला. मूर्ख बाई. मोठ्याने रडले. इतकी रडले की तो मोटारसायकलवाला टोपी काढून उभा राहिला.

शर्ट परत आणलं. तिथे भिजलं असतं.

ह्यांचा फोन. घेतला ह्या वेळी. बघितलंस? म्हटलं, बघितलं, छान जागा आहे, गवत कापतात, पाटी आहे. मग? म्हटलं, आवाज तुटतोय, ऐकू येत नाही. आवाज चांगला येत होता.

१७ ऑक्टो., शुक्र.

निघाले. अबू समीरनी एक उशीचा अभ्रा दिला, बायकोने विणलेला. म्हणाले, नवऱ्याला सांग, पोर एकटा नाही. विमानतळावर उभे राहून हात हलवत होते, मी आत गेले तरी.

वाटेत ठरवलं, सांगायचं. ह्यांनी आयुष्यात मला खोटं सांगितलं नाही. पुढच्या विमानात ठरवलं, नाही सांगायचं.

२० ऑक्टो., सोम. जेद्दा

वजन कमी झालंय ह्यांचं. नीलू म्हणते, जेवले नाहीत. मी ओरडले. बरं वाटलं दोघांनाही.

विचारत नाहीत. अभ्रा हातात घेऊन बसले. म्हणाले, माती कशी आहे? म्हटलं, लाल. आपल्यासारखी. चला, म्हणाले, तेवढं तरी.

२१ ऑक्टो., मंगळ.

मगरिबच्या नमाजानंतर खुर्चीतच बसून होते. एकदम म्हणाले, तू पोचलीस तेव्हा संध्याकाळ होती ना?

होती.

नदीवर गेली होतीस?

गेले होते.

सूर्य दिसला?

मला कळलं काय विचारतायत. चांगलंच कळलं. म्हटलं, आभाळ होतं. काही दिसलं नाही.

हे बघत राहिले माझ्याकडे. बरं, म्हणाले.

भात करपला आज.

२३ ऑक्टो., गुरु.

रऊफ मक्केला उमऱ्याला आलाय! बोट सुटायला वेळ आहे म्हणून. उद्या जुम्मा झाला की घरी येतो म्हणाला. चाची, तुमच्या हातचं तिखट कालवण. ह्यांना सांगितलं तर म्हणाले, येऊ दे, मला त्याच्या तोंडून सगळं ऐकायचंय.

रऊफला आधीच गाठून सांगू, की नदीचं नाव काढू नकोस? मग तो विचारेल, का. आणि मग त्याला आयुष्यभर. फोन हातात घेतला, ठेवला, घेतला. नाही केला.

२४ ऑक्टो., शुक्र.

आला. डोकं तासलेलं, वाळलाय किती. दारातच ह्यांच्या गळ्यात पडला. नीलूने पाणी दिलं. मी स्वैपाकघराच्या दारात, हातात पळी, सगळं ऐकू येत होतं.

सांगायला लागला. ताप, दवाखाना, पाऊस. कापड कमी पडेल असं वाटलं, पण पुरलं. कोणी हात लावेना तेव्हा म्हटलं, मी लावतो, माझा भाऊ आहे. हे नुसते हूं, हूं.

मग म्हणाला, आणि चाचा, आपल्या गावासारखाच ठेवला बघा, नदी

हे मधेच, पुरे.

रऊफ थांबला. मी पण.

हे म्हणाले, जुबेदा बघून आलीय. सगळं सांगितलंय तिने मला. तू माझ्या पोराला अंघोळ घातलीस, रऊफ. बापाचं काम केलंस. आता जेव. आणि त्याचे हात दोन्ही हातांत घेऊन बसले. तो ढसाढसा रडला. मी मासे वाढले. हे स्वतः जेवले, बऱ्याच दिवसांनी, पथ्याबाहेरचं, आणि मी टोकलं नाही.

रऊफ गेला.

ह्यांना मी काही सांगितलेलं नाही. काय सांगितलं मी? लाल माती आणि आभाळ.

असरच्या नमाजानंतर हे म्हणाले, खिडकीजवळ नेऊन बसव. आमची ती खिडकी समुद्राच्या बाजूची, मावळतीची. तिकडे कधी बसत नाहीत, ऊन येतं डोळ्यांवर. आज ऊन येत होतं तरी पडदा ओढू दिला नाही. मी चहा दिला, शेजारी बसले. नईमचं शर्ट ह्यांच्या मांडीवर होतं, नीलूने दिलं असेल.

सूर्य खाली जाईपर्यंत बसलो. मग अजान झाली, मी ह्यांची खुर्ची फिरवली.