फणसावरचा जावई

लुकुंबी बंदर,
नाकतोड्यांच्या हंगामातला शुक्रवार

तीर्थरूप वन्संना,

धाकट्या भावजयीचा गुडघे टेकून नमस्कार. (खरोखरच टेकले आहेत. टेबलाचा एक पाय वाळवीने खाल्ला, म्हणून चटईवर बसून लिहिते आहे. नमस्कार आयताच घडला.) तुमच्या गुडघ्याचं दुखणं कसं आहे? मसाक्याच्या डॉक्टरांनी दिलेलं मलम लावता की नेहमीप्रमाणे ठेवून देता? लाल कोंबडी अंड्यांवर बसली का? चर्चच्या गाणाऱ्या बायकांत तुम्हाला पुन्हा पुढच्या रांगेत घेतलं, की ती उंच आवाजाची बाई अजून तिथेच ठाण मांडून आहे? आम्ही इकडे सुखरूप आहोत. हे वाक्य पत्रात लिहावं असं शाळेत शिकवलं होतं म्हणून लिहिलं. त्यावर फार भिस्त ठेवू नका.

अक्षर वाकडं आलंय त्याबद्दल रागावू नये. हात कापताहेत. का कापताहेत ते पुढे येईलच. फोन केला असता, पण तुमचा फोन तुमची सून उचलते, आणि तिच्या कानावर घातलेली गोष्ट संध्याकाळच्या आत पार कंपालापर्यंत पोचते. (मुलगी गुणी आहे. फक्त तिच्या पोटात काही राहत नाही.)

तर ते सुईच्या संशोधनाचं ऑफिस आमच्या बंदरावर आलं तेव्हापासून मी त्यांची गावदूत आहे, हे तुम्हाला ठाऊकच आहे. निळा टी-शर्ट, एक छत्री आणि एक भोंगा एवढा माझा सरंजाम. भोंग्यातून मी सांगायचं, की बाबांनो, या, रक्त तपासून घ्या. अंगात तो एचआयव्हीचा विषाणू नसेल आणि तुमची राजीखुशी असेल, तर दर दोन महिन्यांनी बसायच्या जागी एक सुई टोचतील, आणि पुढे तो लागतो की टळतो ते बघतील. असेल, तर त्याच दिवशी गोळ्या सुरू करतील. यात न समजण्यासारखं काय आहे? पण आपली माणसं तुम्हाला माहीत आहेत. पहिल्याच सभेत एकजण म्हणाला, हे लोक रक्त विकतात. दुसरा म्हणाला, विकत नाहीत, सरोवरात ओततात, म्हणून तर मासे पळाले. मी उठले आणि म्हटलं, 'अरे, माझं रक्त हे लोक वर्षानुवर्षं काढताहेत. विकलं असतं तर गिऱ्हाइकानं एव्हाना परत आणून टाकलं असतं!' सभा हसली आणि मग जरा ऐकू लागली. मी रोज संध्याकाळी रेडिओवर बातम्या लागल्या की गोळी घेते, हे सगळ्या बंदराला माहीत आहे. बातम्या उशिरा लागल्या तर शेजारीच कुंपणावरून ओरडतात, 'नलोंगो, गोळी!' (जुळी झाल्यापासून गावानं मला 'नलोंगो', म्हणजे जुळ्यांची आई, करून टाकलं ते कायमचं. माझं खरं नाव आता तुम्ही आणि पाद्री, दोघांनाच आठवत असेल. पाद्रीही वहीत बघून सांगतो.)

आता मुख्य गोष्ट. तुमची भाची बबिर्ये पोटुशी आहे. पोट चांगलं दिसायला लागलंय. दवाखान्यात तिचं रक्त तपासलं, ते स्वच्छ निघालं. नर्सबाई म्हणाल्या, आता नवऱ्याला घेऊन ये. आणि घोडं तिथेच पेंड खायला लागलं. जावई मुलिंद्वा माणूस सरळ आहे, पण त्याचा धंदा होडीचा. आज या बेटावर, उद्या त्या, महिना महिना बाहेर. बेटांवर काय चालतं ते मी भोंग्यातून सगळ्यांना सांगते. आपल्या घरापाशी आलं की घशात अडकतं. त्याच्या अंगात असेल आणि त्याला ठाऊक नसेल, तर या अशा दिवसांत ते बबिर्येला लागेल, आणि बाळालाही. ठाऊक झालं तर काहीच बिघडत नाही. तो गोळ्या घेईल, तिला जपता येईल, बाळ सुखरूप येईल. हे मी दिवसभर लोकांना पटवते. रात्री माझं मलाच पटत नाही.

जावयाला सरळ विचारावं, तर सासूनं जावयाच्या समोर यायचं नाही, त्याच्या वाऱ्याला उभं राहायचं नाही, आणि हा ओबुको मोडला की हातापायांना जन्माचं कापरं भरतं. हे मी तुम्हाला काय सांगायचं! (तुमच्या मोठ्या मावशींचा चहा आठवा. अर्धा कप बशीत, अर्धा पदरावर.) लेकीला विचारावं, तर या गोष्टी मुलीनं आत्याशी बोलायच्या, आईशी नाही. आणि आत्या तिकडे मसाक्याला मलम न लावता बसलेली. मग मला सांगा, मी करायचं काय? मी लक्ष ठेवायला लागले. ज्या दिवशी बंदरावर तपासणीचा तंबू लागला, त्या दिवशी पहाटेपासून भोंगा घेऊन तंबूच्या दारात उभी राहिले. सगळे आले, मुलिंद्वा आला नाही. कळलं की त्याची होडी खाडीपलीकडच्या बंदरावर आहे. मी ऑफिसच्या मागे लागून पुढच्या खेपेला तंबू तिकडे हलवला, आणि होडीच्या टोकाशी भोंगा घेऊन बसून गेले. आम्ही काठाला लागलो आणि त्याची होडी सुटली. मग बबिर्येच्या तपासणीच्या दिवशी नवरा बरोबर येईलच म्हणून दवाखान्याच्या रांगेत पहिला नंबर धरून बसले. बबिर्ये आली, एकटी. तेव्हा मात्र माझ्या काळजाचं पाणी झालं. तपासणीला पाहून पळणारा माणूस का पळतो, हे मी या कामात कितीतरी वेळा पाहिलंय. बंदरावर कुजबुज सुरू झाली. मला वाटतं, थोडी मीच सुरू केली.

त्यानंतर जे झालं ते लिहिताना लाज वाटते. जावयाची होडी आली आहे अशी बातमी लागली आणि मी किबुकाच्या मोटारसायकलवर बसून, निरोप न पाठवता, थेट लेकीच्या दारात हजर झाले. (किबुका म्हणजे आमच्या बंदरावरचा सगळ्यात जाडा आणि सगळ्यात बोलका भाड्याचा मोटारसायकलवाला. गाडी त्याची, गप्पा फुकट.) सासू न सांगता जावयाच्या दारात! तुमची आई असती तर मला तिथूनच माहेरी पाठवलं असतं. बबिर्ये पाण्याला गेली होती. पुढच्या दारात मी, मागे केळीची बाग, आणि मध्ये एकच मोठा फणस. मी अंगणात पाय ठेवला तेव्हा मला फणसाच्या पानांत वर जाणारे दोन तळवे दिसले. मी लगेच तोंडावरून चादर ओढली आणि झाडाकडे पाठ करून बसले. पण आता उठून जायचं तरी कसं? आणि इतकं जवळ सापडलेलं गिऱ्हाईक सोडायचं कसं? धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत. म्हणून मी मध्ये किबुकाला उभं केलं.

'किबुका, त्या झाडाला सांग, माणसानं एकदा रक्त तपासून घ्यावं. घरात बाळ येणार आहे.'

किबुका वर बघून म्हणाला, 'झाडा, ऐकलंस ना?'

वरून आवाज आला, 'किबुका, सासूबाईंना सांग, माणूस तीनदा गेला होता. तंबूच्या दारात सासूबाई. पलीकडच्या बंदरावर होडीच्या टोकाला सासूबाई. दवाखान्याच्या रांगेत पहिल्या नंबराला सासूबाई. माणसानं रक्त द्यायचं तरी कुठे? सरोवराच्या तळाशी?'

'मी फक्त भाडं सोडायला आलो होतो,' किबुका म्हणाला.

वन्सं, चादरीच्या आत माझं तोंड कसं झालं असेल! इतक्यात वर त्याला लाल मुंग्यांनी धरलं असावं, कारण झाड एकदम शिव्या द्यायला लागलं, फांद्या हलल्या, काहीतरी धप्पकन खाली पडलं (पिकलेला फणस असणार, चांगला जड), आणि त्या गडबडीत जावई उतरून केळीत पसार झाला. मी डोळे मिटलेलेच ठेवले होते, एवढं तरी माझ्या बाजूनं लिहून ठेवा. डोळे उघडले तेव्हा अर्धं बंदर कुंपणाशी आणि डोक्यावर पाण्याचा डबा घेतलेली बबिर्ये माझ्यासमोर. ती एवढंच म्हणाली, 'आई, तू गावभर सांगितलंस, माझा नवरा रोगाला भितो. तो रोगाला भीत नाही. तो तुला भितो.' त्या दिवसापासून ती माझ्याशी बोललेली नाही. मातोके, म्हणजे पानात बांधून उकडलेली केळी, शिजवून पाठवलं, तर पान न सोडता परत आलं.

आमच्या ऑफिसातला समुपदेशक ओकिरोर (शहरातला पोरगेला माणूस, पण मन लावून ऐकतो) हे ऐकून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला. मग डोळे पुसून म्हणाला, 'नलोंगो, उद्या तुम्ही सुट्टी घ्या. आणि घरीच आहात हे सगळ्यांना कळू द्या.' कळू द्या म्हणजे कसं? तर भोंग्यानं. दुसऱ्या दिवशी मी माझ्याच अंगणात बसून भोंग्यातून ओरडत होते, 'मी नलोंगो! मी घरी आहे! मी केळी सोलते आहे! अजून सोलतेच आहे!' केळी संपली तर शेंगदाणे निवडायला घेतले आणि तेही जाहीर केलं. तोंडाला फेस आला. आणि वन्सं, त्या दिवशी तंबूत पुरुषांची अशी रांग लागली, की ऑफिसातल्या लोकांनी आजवर पाहिली नव्हती. कारण आता लक्षात येतं. माझ्या चुलत, मावस, कुळातल्या बहिणींचे जावई ते माझेच जावई. अर्ध्या बंदराची मी सासू लागते, आणि मीच इतके दिवस दारात उभी राहून त्यांना बोलावत होते! रोग संपवायला निघालेली बाई दाराला बसलेली खीळ निघाली.

मुलिंद्वाही गेला. आत गेला, बाहेर आला, हे किबुकानं पाहिलं. पण निकाल? मी ओकिरोरला सहज, अगदी सहज विचारलं. तो म्हणाला, 'इथली गोष्ट बाहेर जात नाही, हे भोंग्यातून तुम्हीच सांगता ना?' मी म्हटलं, 'मी काय बाहेरची आहे?' तो म्हणाला, 'या बाबतीत, हो.' आपलेच दात आणि आपलेच ओठ. मी त्याच्या भुवयांकडे बघितलं, चहा घेण्याच्या पद्धतीकडे बघितलं. काही कळलं नाही. चांगलं शिकवलंय त्याला, आणि दुर्दैवानं मीच शिकवलंय.

पण देव आहे! काल मी मासे वाळवणाऱ्या बायकांत उभी होते आणि समोरच्या रस्त्यानं किबुकाची मोटारसायकल गेली. मागे मुलिंद्वा. (पाठमोरा. पाठ बघायला हरकत नाही, मी पाद्रीला विचारलंय.) आणि तो बसला होता एका बाजूवर! अर्धा वर, अर्धा खाली, खड्डा आला की हात मागे नेऊन 'हाय हाय' करत. वन्सं, सुई घेतलेला माणूस मी लांबून ओळखते. आणि सुई कुणाला मिळते? ज्याच्या अंगात नाही त्याला! जीव असा भांड्यात पडला, की मी त्या माशांमध्ये बसून ढसाढसा रडले. बायकांना वाटलं, माशांचा भाव पडला.

तेव्हा काळजी मिटली. तुम्ही उगीच दगदग करून येऊ नका, गुडघा सांभाळा. हे पत्र केवळ खुशाली कळवायला. मोठ्यांना नमस्कार, तुमच्या सुनेला (काही न सांगता) आशीर्वाद.

तुमची भावजय,
टेरेझा

ता. क. सोबत धुरावलेले मासे आणि तळलेले नाकतोडे पाठवते आहे. डबा परत पाठवावा. मागचा अजून आलेला नाही.

ता. क. पत्र न्यायला किबुका आला आहे. त्याला म्हटलं, त्या दिवशी पडलेला फणस कुणी नेला रे, चांगला पिकला असणार. तो म्हणाला, 'कसला फणस? फणस वरच आहेत. खाली पडला तो तुमचा जावई, बसायच्या जागेवर, रताळ्याच्या वाफ्यात. अजून धड बसता येत नाही बिचाऱ्याला.' तेव्हा वरचा 'देव आहे'पासूनचा मजकूर वाचू नये.

ता. क. वन्सं, या. किबुकाला मसाक्याच्या स्टँडवर तुमची वाट बघायला सांगितलं आहे, तो तुम्हाला आणल्याशिवाय हलणार नाही. तुम्ही बबिर्येची आत्या आहात. तिच्याजवळ बसा, पोटाला तेल लावा, तिच्या मनात असेल तर ती सांगेल. नसेल तर विचारू नका. हात ओबुकोनं कापत नाहीत, भीतीनं कापताहेत. इतकी वर्षं गोळी घेऊन ठणठणीत जगले, भोंग्यातून रोज 'भिऊ नका' म्हणते, आणि लेकीवर वेळ आली तेव्हा माझंच धैर्य सुटलं. एकच करा. ह्यांच्या, तुमच्या भावाच्या, रक्ताचा निकाल घेऊन तुम्ही आलात, तेव्हा चपला हातात घेऊन, आवाज न करता अंगणातून आला होतात. तुमचं काही चुकलं नाही, तेव्हा सांगण्यासारखं काही नव्हतंच, गोळ्याही नव्हत्या. पण तेव्हापासून मला हळू आलेल्या पावलांची धास्ती आहे. आता गोळ्या आहेत. तिथे जे काही असेल ते असो, ती सांगो न सांगो, माझ्याकडे येताना हळू येऊ नका. रस्त्यापासूनच मोठ्यानं ओरडत या, 'टेरेझा, चुलीवर केळी चढव, आम्ही भुकेले आलो आहोत.'