वास गेल्यावर

अब्बा,

काल बाजारात सुरमईचे कल्ले उचलून मी नाक लावलं, तर कोळीण हसली. "ताई, माशाला हुंगतंय कोन आता? डोळं बगा की," म्हणाली. मी तरी हुंगलंच. ही खोड तुमची. आपण बहारीनला असताना मनामाच्या मासळीबाजारात तुम्ही टोपलीवर वाकलात की मासे विकणारा बहारिनी म्हातारा कपाळाला हात लावायचा, आणि तुम्ही मान हलवलीत की मुकाट दुसरा मासा काढायचा. घरी कालवणाचं झाकण उचलून तुम्ही सांगायचात, मीठ कमी आहे. "मिठाला कुटं वास असतो?" म्हणून अम्मी करवादायची, पण चिमूटभर घालायची आणि चव बरोबर लागायची. तुमच्या नाकाचा आम्हाला भारी तोरा होता.

मनामाजवळ जिदहफ्सच्या आपल्या दोन खोल्यांत एका दुपारी शेगडीची नळी सुटली होती. मी शाळेतून येते, स्वयंपाकघरात गॅसचा वास दाटलेला, आणि माझा हात दिव्याच्या बटणाकडे जातो. तुम्ही मागून येऊन तो हात असा झटकता की मी भिंतीवर आदळते. सिलिंडर बंद करून, दारंखिडक्या सताड उघडून तुम्ही मला बाहेर पायरीवर बसवलंत. मी रडत होते. "वास जाईस्तवर कशाला हात लावायचा नाय. वास गेला, की मग भ्यायचं नाय," असं माझ्याकडून म्हणून घेतलंत आणि नंतर समोरच्या दुकानातून थंडगार संत्र्याचं सरबत आणून दिलंत. तो धडा मी पुढे माझ्या मुलीलाही दिला.

तुम्ही पंपाचे फिटर. बागांमधल्या खोल विहिरींचे पंप दुरुस्त करायचे, हे तुमचं काम. तिथलं काही पाणी सडक्या अंड्यांसारखं घाण मारायचं, कारण जमिनीच्या पोटातला वायू पाण्याबरोबर वर येतो. कपडे धुताना अम्मी नाक मुरडायची आणि तुम्ही हसायचात. तुम्ही गेलात त्या उन्हाळ्यात झल्लाककडच्या एका खजुराच्या बागेत तुमचा मल्याळी हेल्पर पंपाच्या खड्ड्यात उतरला आणि हाकेला ओ देईना. तुम्ही काठावर वाकून त्याला हाका मारत राहिलात. मग तुम्हीही उतरलात. दोघांनाही वर काढलं ते इतरांनी, दोर टाकून.

तुम्हाला कामावर नेणाऱ्या गाडीचा ड्रायव्हर हैदराबादचा होता. दुसऱ्या दिवशी तो आमच्या दारात उभा राहून रडत सांगत होता, "भाभी, मैं रोका उनको. बोले, पहले बहुत बास था, अब बास मफी. यल्ला, रस्सी पकड़." मफी म्हणजे नाही, यल्ला म्हणजे चल, एवढं अरबी अम्मीला येत होतं. तिने त्याला हाकलून दिलं. झाकण न उचलता डाळ लागलेली ज्याला कळते, त्याला विहिरीचा वास आला नाही? ड्रायव्हर स्वतःची कातडी वाचवतोय, असं तिने धरलं. तुम्हाला कळत होतं आणि तरी तुम्ही उतरलात, हे तिच्या मनात पक्कं बसलं. लोक म्हणत, जीव वाचवायला गेला, जन्नत मिळेल. अम्मी म्हणायची, "आनि आमी? आमचा जीव नवता?"

तुम्ही तिथल्याच वाळूत राहिलात. आम्ही श्रीवर्धनला परत आलो. माझी इंग्रजी शाळा सुटली, मराठी शाळेत पोरी माझ्या बोलण्याला हसल्या. ते सगळं निभावलं. पण दर ईदेला शीरखुर्मा वाढताना अम्मीचा हात थांबायचा आणि तेच वाक्य यायचं, "कळून सवरून गेले." तुमच्यावर तिच्याइतकं कोणी रागावलं नाही आणि तिच्याइतकं कोणी झुरलंही नाही. मीही तुमच्यावर रागावले होते, अब्बा. चांगली रागावले होते.

या वर्षी जावयाच्या नोकरीमुळे जावा बेटावर गेले. तिथे एक डोंगर आहे, आतून जळणारा. जमिनीतून वाफा निघतात, दगड पिवळे पडलेत, आणि तुमच्या त्या विहिरींचाच तो वास. इतक्या वर्षांनी तो आला. नातीने नाक दाबलं तसा वाटाड्या हसला. "स्मेल, ओके," तो म्हणाला. मग हात हलवून, "नो स्मेल, रन!" नातीने विचारलं, असं उलटं कसं? त्याने समजावलं. हा वायू जड असतो, खोलगट जागी साचतो. थोडा असेल तोवर घाण येते. वाढला की आधी नाकच मारून टाकतो, आणि माणसाला वाटतं, हवा साफ झाली.

मी तिथल्याच एका दगडावर बसले. नात विचारत राहिली, "नानी, व्हॉट हॅपन्ड?"

त्याच संध्याकाळी अम्मीला फोन केला. तिला ऐकू कमी येतं, दोनदा सांगावं लागलं. मग म्हणाली, "म्हंजे आमाला टाकून नाय गेले ते." आणि थोड्या वेळाने, "त्या ड्रायव्हरला मी दारातनं हाकललं गं." फोन ठेवताना ती रडत होती. हे रडणं मला नवीन होतं.

हे पत्र कुठे टाकणार? घडी करून मसाल्यांच्या डब्यामागे ठेवीन. फक्त एक गोष्ट अम्मीला सांगितली नाही, ती तुम्हाला सांगते. तिथून निघताना सगळे पुढे गेले आणि मी एका खोलगट जागेच्या कडेला रेंगाळले. तिथे वास यायचा एकदम थांबला. वाटाड्या ओरडत होता. मला कळत होतं, तरी मी उभी राहिले. घुसमटलं नाही, अब्बा, काही दुखलंही नाही. हवा अगदी स्वच्छ वाटत होती. तुम्हालाही तेव्हा अशीच वाटली असेल, एवढं मनाशी म्हटलं, आणि मगच पाय उचलला.