मास्तरांच्या घरात रोग नाही

६ मार्च १९५४, कुरुळी
चावडीवर ठराव झाला. ज्या घरात देवी निघतील त्यांनी माळावरच्या झोपडीत जायचं, खपल्या पडेपर्यंत गावात पाय ठेवायचा नाही. कल्पना माझी. पाटील म्हणाले, "मास्तर, तुमी व्हता म्हून." फुशारून घरी आलो.

९ मार्च
पहिली पाळी नामदेवची. पोराला पाठीवर घेऊन निघाला. कालपर्यंत त्याच्या ओसरीवर तंबाखू मळणारे दारं लावून बसले. पाण्याची घागर पोचवायला कुणी तयार नाही. मी नेली? नाही. मी माळावर धाडायच्या यादीत त्याचं नाव घातलं.

१५ मार्च
आमच्या शकूला ताप. देवी टोचणारा आला तेव्हा पोरगी आजोळी होती, नंतर मीच चालढकल केली. अख्ख्या शाळेला रांगेत उभं करणारा मी!

१८ मार्च
कपाळावर पुळ्या. इंदू म्हणाली, "आपणही झोपडीत जाऊ." म्हटलं, उद्या बघू. नामदेवशेजारी कुठल्या तोंडाने जाऊन बसू? शकूला आतल्या खोलीत ठेवलंय. कुणी विचारलं तर आजोळी गेली.

२० मार्च
शेजारची सोनाबाई कुडापलीकडून, "मास्तरीणबाई, दोन दिस फोडणीचा वास न्हाई तुमच्याकडं?" देवी आलेल्या घरात तेल तापवत नाहीत, म्हातारीला सगळं ठाऊक. इंदू ऐकेना. शेवटी मीच कढई ठेवली, मोहरी जाळली. ती भिंतीकडे तोंड करून बसली. मी असलं काही मानत नाही. तरी आधी आतल्या खोलीचं दार ओढून घेतलं.

२४ मार्च
शकूचा डावा डोळा उघडत नाही. इंदू दिवसभरात एकच वाक्य बोलली, "तेल तुम्ही तापवलंत." शास्त्र समजवायचं सोडून शकूचा डोळा पुसत बसलो.
संध्याकाळी चावडीवर ठरावावरून माझं कौतुक. लाज वाटली. पण हात जोडले.

२७ मार्च
सोनाबाईच्या सुनेला देवी निघाल्या. ठरावाप्रमाणे अख्खं घर माळावर चाललंय. म्हातारी आमच्या दारात, कडेवर नात, हातात गाठोडं.
"हिला ठिवून घ्या मास्तर. समद्या गावात तुमचंच एक घर चोख हाय."
पोर चार वर्षांची. शाळेत नाही, म्हणून टोचलेली नाही.
खरं सांगावं, तर या गावात परत तोंड दाखवता येणार नाही. ठेवून घ्यावी, तर...
"घरात विचारून येतो," म्हणून आत आलो. इंदूने सगळं ऐकलंय. बाहेर पोर पायरीवर येऊन बसलीय, आणि मी वही उघडून हे लिहीत बसलोय.