चितेगावच्या सहा खोल्या आणि मिंट सोचं नाव

मी, मुंजाबा फकिरा सोन्नर, वय वर्षे बासष्ट, धंदा फॅब्रिकेशन, राहणार पुंडलिकनगर, छत्रपती संभाजीनगर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. येत्या गुरुवारी माझ्या हृदयाची शस्त्रक्रिया ठरली आहे. डॉक्टर काळजी करू नका म्हणतात, तरी लिहून ठेवलेले बरे. माझे डोके ठिकाणावर आहे. उजवा डोळा शाबूत आहे, डावा १९९९ पासून नाही. हे लिहायला मला कोणी भाग पाडलेले नाही. उलट पंचवीस वर्षे मीच टाळत आलो. यापूर्वी मी कोणतेही मृत्युपत्र केलेले नाही.

१. खाली लिहिलेली सर्व मिळकत माझ्या स्वकष्टाची आहे. वडिलांकडून माझ्या वाट्याला बारा मेंढ्या आल्या होत्या. त्या विकून मी वेल्डिंग शिकलो. त्यामुळे भाऊबंदांपैकी कोणाचाही यावर हक्क पोचत नाही.

२. पुंडलिकनगरचे राहते घर माझी पत्नी मंजुळाबाई हिला तिच्या हयातीपर्यंत व तिच्यामागे मुलगा बद्रीनाथ यास देत आहे. मी परदेशी असताना माझ्या आईचं, बानाबाईचं, शेवटचं आजारपण मंजुळेनं एकटीनं काढलं. आईला मी पोचलो नाही. घर दिल्यानं त्याची भरपाई होते असं मी समजत नाही. ती या मृत्युपत्राची व्यवस्थापक राहील. सुनेनं तिला स्वयंपाकघरातून हलवू नये.

३. बँकेतील मुदत ठेवीपैकी दोन लाख रुपये कुमारी सु म्यात, परिचारिका, राहणार त्सुरुमी, योकोहामा, जपान, हिला द्यावेत, आणि या कलमाचे जपानी भाषांतर करून त्याची नक्कल तिला पाठवावी. पैशापेक्षा नक्कल महत्त्वाची आहे. ही बाई कोण, असं बद्री विचारील. त्याच्यासाठी सगळं लिहितो.

१९९७ साली चितेगावच्या कारखान्यानं आम्हा दोघांना तीन वर्षांच्या करारावर जपानला पाठवलं. मी आणि नानासाहेब. नानासाहेब शेतकरी घरातला, बारावी झालेला. मी धनगराचा, दहावी. योकोहामाला कारखान्याजवळ चिनेन कामादो नावाच्या सत्तर वर्षांच्या बाईंच्या घरी वरच्या मजल्यावर मला खोली मिळाली. त्या ओकिनावा बेटावरच्या. त्यांचे वडील दुसऱ्या महायुद्धाच्या आधी मजुरीला योकोहामाला आले होते. मी त्यांना आजी म्हणत असे, त्या मला मुंजासान म्हणत.

कारखान्यात झाडलोट करायला को मिंट सो नावाचा बर्माचा माणूस होता. रंगूनच्या कॉलेजात तो रसायनशास्त्र शिकवत असे. १९८८ च्या आंदोलनात विद्यार्थ्यांबरोबर रस्त्यावर उतरला आणि देश सोडावा लागला. जपानमध्ये त्याच्याकडे राहण्याचा कागद नव्हता. दिवसा झाडू, संध्याकाळी हॉटेलात भांडी. त्याच्या आजोबांचे शेजारी हिंदुस्थानी होते, त्यामुळे त्याला थोडी हिंदी येत असे. आम्ही मोडकी जपानी आणि मोडकी हिंदी मिसळून बोलत असू. माझ्यापेक्षा शिकलेला माणूस माझ्या मशिनीखालचा लोखंडाचा कीस गोळा करतो, याची मला लाज वाटे. त्याला वाटत नसे.

करारात लिहिलं होतं की कारखान्याबाहेर काम करायचं नाही. केल्यास करार रद्द. पण मला जास्तीचे पैसे हवे होते. रविवारी मिंट सो मला एका छोट्या वर्कशॉपमध्ये नेऊ लागला. फेब्रुवारी १९९९ च्या एका रविवारी तिथं ग्राइंडरचं चाक फुटलं आणि तुकडा माझ्या डाव्या डोळ्यात गेला. वर्कशॉपचा मालक दार लावून निघून गेला. मिंट सोनं मला पाठीवर घेऊन स्टेशनापर्यंत नेलं, तिथून टॅक्सीनं दवाखान्यात. दवाखान्यात गेलं की कागद विचारतात, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. तरी तो आला. माझं पाकीट आणि ओळखपत्र त्याच्या हातात होतं.

खिडकीवरच्या माणसानं त्याला स्वतःचं ओळखपत्र मागितलं. ते नव्हतं. दुसऱ्याचं पाकीट हातात, म्हणून पोलीस बोलावले. पोलीस माझ्या पलंगापाशी आला आणि त्यानं विचारलं, "ह्या माणसाला तू ओळखतोस का?"

ओळखतो म्हटलं असतं तर कुठं भेटला, आज रविवारी कुठं होतात, हे सगळं निघालं असतं. करार गेला असता. मी म्हणालो, "नाही."

मिंट सो दारात उभा होता. त्यानं माझ्याकडं पाहिलं आणि पोलिसाला सांगितलं, "पाकीट मला रस्त्यात सापडलं. हा आंधळ्यासारखा चालला होता, म्हणून घेऊन आलो." त्याला नेलं. त्याची मुलगी त्या वेळी चार महिन्यांची होती. ती सु म्यात.

म्हणून शुद्धीवर असताना लिहून देतो की को मिंट सो हा चोर नव्हता. पाकीट मीच त्याच्या हातात दिलं होतं. तो माझा मित्र होता आणि मी त्याला नाही म्हणालो.

४. माझे जपानी वेल्डिंग हेल्मेट, काच आपोआप काळी होणारे, नानासाहेब यांना द्यावे.

दोन महिने मी गप्प होतो. नानासाहेब म्हणाला होता, "गप बस मुंजा. तो तसाबी धरला जाणारच होता. तू कशाला मरतो?" सल्ला त्याचा होता, पण गप्प मी बसलो. एप्रिलमध्ये मिंट सोची बायको पोर पाठीला बांधून आजींच्या दारात आली. तिला फक्त इतकं कळलं होतं की नवऱ्यावर चोरीचा संशय आहे. आजींनी मला खाली बोलावलं. मी जिन्यात बसूनच सगळं सांगितलं.

आजी म्हणाल्या, "मुंजासान, उद्या माझ्याबरोबर चल आणि तिथं सांग."

"आजी, माझा करार जाईल."

"जाईल," त्या म्हणाल्या, आणि बाळाला घेऊन आत गेल्या.

दुसऱ्या दिवशी मी आजींबरोबर पोलीस ठाण्यात जाऊन जबाब दिला. चोरीचा संशय निघाला. पण कागद नाही म्हणून मिंट सो आतच राहिला. माझा करार रद्द झाला आणि महिनाभरात परतायचा हुकूम आला.

पुढच्या वर्षी नानासाहेब करार पुरा करून आला, आणि मुंजाला चोरीच्या भानगडीत परत पाठवलं असं कारखान्यात सांगितलं. मी एकदाही खोडून काढलं नाही. खरं काय ते सांगायला गेलो असतो, तर मित्राला नाकारलं हेही सांगावं लागलं असतं. त्यापेक्षा चोर म्हणवून घेणं मला सोपं वाटलं. त्याचा भोग बद्रीनं भोगला. आठवीत असताना तो ओठ फुटून घरी आला होता. कशावरून मारामारी झाली ते त्यानं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही, कारण मला माहीत होतं. मंजुळेला मी परत आलो त्याच आठवड्यात खरं सांगितलं होतं. ती तेव्हापासून म्हणत आली, "पोराला सांगा." बद्री, आता सांगतो आहे. उशीर झाला.

नानासाहेबावर माझा राग होता. हेल्मेट चांगलं आहे, त्यानं ते वापरावं. राग देत नाही, तो मी इथंच सोडतो.

५. हे कलम मिळकतीचे नाही, पण लिहून ठेवणे भाग आहे, कारण सातवे कलम यावर उभे आहे.

माझा जपानमधला तो शेवटचा महिना. आजी मला ओकिनावाच्या लोकांच्या मंडळात घेऊन गेल्या. रविवारी दुपारी चाळीसेक माणसं जमली होती. आजींनी विषय मांडला: मिंट सोला तात्पुरतं सोडायला अनामत रक्कम आणि जामीनदार पाहिजे. एक जण म्हणाला, "बर्माच्या माणसाशी आपला संबंध काय? आपली पोरं आता कुठं नावारूपाला आली." बरेच जण माना हलवू लागले. मग तामाशिरो नावाचे म्हातारे उठले. ते म्हणाले, "माझ्या बापाला ह्या भागात कोणी खोली देत नव्हतं. खानावळीच्या दारावर पाटी असायची, ओकिनावाच्या माणसांनी आत येऊ नये. बापानं आडनाव बदललं, मला घरात आपली बोली बोलू दिली नाही. आज माझा नातू शाळेत शिकवतो. मधल्या साठ वर्षांत आपण काय केलं? एकानं दुसऱ्यासाठी सही केली. एवढंच केलं."

त्यांच्यात भिशीसारखी पद्धत आहे, तिला ते मोआई म्हणतात. त्या दिवशी अकरा बायकांनी आपल्या पाळीची रक्कम अनामतीसाठी सोडून दिली. जामीनदार म्हणून सही चिनेनआजींनी केली. नोव्हेंबरात मिंट सो सुटला. मी तेव्हा इथं होतो. मला पत्रानं कळलं.

मी हे दोन्ही समाज जवळून पाहिले. ओकिनावाची माणसं गरीब, अडाणी आली, मार खाल्ला, बोलीवरून चिडवून घेतलं, पण ती त्या देशाची होती. त्यांना कोणी हाकलू शकत नव्हतं. तिसऱ्या पिढीत त्यांची घरं झाली, दुकानं झाली, शिक्षक झाले. बर्माची माणसं पदवीधर आली आणि वीस वर्षं भांडी घासत राहिली, कारण कागद नव्हता, आजारी पडलं तरी दवाखान्यात जायची भीती. तरी मिंट सोनं दोन खोल्यांच्या घरात रविवारची शाळा काढली. कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर पोरांना आपली लिपी गिरवायला देई. ती शाळा अजून चालते. २००५ साली त्याला राहण्याचा कागद मिळाला. त्यानंतर दहाच वर्षांत त्याच्या ओळखीत तीन हॉटेलं उभी राहिली आणि पोरं विद्यापीठात गेली. दोघांपैकी पुढं कोण गेलं असं कोणी विचारलं, तर मी आधी विचारीन की येऊन किती वर्षं झाली, आणि कागद कधी हातात पडला. मला दोघांचाही अभिमान वाटतो. माझा काही हक्क नसताना वाटतो.

मिंट सो २०१९ मध्ये वारला. त्यानं मला कधी दोष दिला नाही. दर नव्या वर्षाला फोन करी आणि आधी माझ्या डोळ्याची चौकशी करी. चिनेनआजी २०२१ मध्ये चौऱ्याण्णव वर्षांच्या होऊन गेल्या. शेवटची चार वर्षं त्यांचं अंग पुसणं, औषध देणं सु म्यात करत होती, आधी शिक्षण आणि मग नोकरी सांभाळून. तिला कोणी सांगितलं नव्हतं. तिच्या वडिलांनी पाकिटाची गोष्ट तिला कधी कळू दिली नाही. तिला ती माझ्याकडून कळावी.

६. वडिलांचे घोंगडे कोणाला वाटून देऊ नये. माझ्याबरोबर ठेवावे.

७. चितेगाव येथील पैठण रस्त्यालगतचा प्लॉट व त्यावरील सहा खोल्या. परत आल्यावर कारखान्यानं मला घेतलं नाही. गारखेड्यात मी दुकान टाकलं, ग्रिल आणि गेट केले, त्यातून हा प्लॉट झाला. खोल्यांमध्ये आज कारखान्यात कामाला आलेली सहा कुटुंबं आहेत. चार बिहार-ओडिशाकडची, दोन आपल्याच धनगराची, बीडच्या डोंगराकडून मेंढ्या विकून आलेली.

बद्रीला हा प्लॉट विकायचा आहे. गेल्या महिन्यात आमचं बोलणं झालं ते असं. तो म्हणाला, "आप्पा, ही बाहेरची माणसं. कागद ना पत्तर. उद्या काही झालं तर पोलीस आपल्या दारात येतील."

मी म्हणालो, "येऊ दे."

"तुम्हाला सोपं हाय म्हणायला. लोकांची बोलणी मी खाल्ली लहानपणापासून."

दोन महिन्यांपासून पुंजाराम नावाचा भाडेकरू भाडेकरार मागतो आहे. त्याच्या मुलीला शाळेत घालायला पत्त्याचा पुरावा लागतो. बद्री देत नाही, कारण करार दिला की खोली लवकर मोकळी होणार नाही.

~~सबब सदर प्लॉट व सहा खोल्या मी पाच विश्वस्तांच्या मंडळाकडे देत आहे. माझा मुलगा त्यात असणार नाही. खोल्या विकू नयेत. नव्या माणसाला जामीनदार नसल्यास मंडळाने व्हावे.~~

वरील चार ओळी मी स्वतः खोडल्या आहेत. कारण लिहितो.

काल, रविवारी, हा कागद इथपर्यंत लिहून झाला तेव्हा मंजुळेनं तो माझ्या हातून घेतला आणि बद्रीच्या पुढ्यात ठेवला. तो ओसरीवर बसून वाचत होता. तिसरं आणि चौथं कलम त्यानं परत परत वाचलं. मग माझ्याकडं न बघता म्हणाला, "आठवीत मी त्या पोराचा दात पाडला होता, आप्पा. माझा बाप चोर नाय म्हणून."

मी म्हणालो, "माहीत हाय."

"मग तवाच का नाय सांगितलं? मी काय म्हणलो असतो?"

तो उठून गेला. जेवायला आला नाही. मंजुळा म्हणाली, "जाऊ द्या त्याला. त्याचं त्याला बघू द्या."

आज सकाळी तो चितेगावला गेला आणि अकरा वाजता परत आला. पुंजारामचा भाडेकरार टाइप करून आणला होता. मालक म्हणून सहीची जागा माझ्यासाठी रिकामी, आणि खाली, कोणी मागितली नसताना, जामीनदार म्हणून बद्रीनाथ मुंजाबा सोन्नर अशी पूर्ण सही. बाकी पाच खोल्यांचे कोरे फॉर्मही त्यानं आणले आहेत. माझ्यासमोर कागद ठेवून म्हणाला, "विश्वस्त कशाला पायजेत? तुम्ही नुसती सही करा. पोरीची शाळा पुढच्या सोमवारपासून हाय."

मी सही केली. सबब चितेगावचा प्लॉट व सहा खोल्या मी माझा मुलगा बद्रीनाथ यास, कोणतीही अट न घालता, पूर्ण मालकीने देत आहे.

सदर मृत्युपत्र मी वाचून, समजून, दोन्ही साक्षीदारांच्या समक्ष सही केले. दोघांनी माझ्या व एकमेकांच्या समक्ष सह्या केल्या. खोडाखोडीच्या जागी माझी व त्यांची लहान सही आहे.

(सही) मुंजाबा फकिरा सोन्नर

साक्षीदार:
१) (सही) तात्यासाहेब बन्सी खटके, निवृत्त मुख्याध्यापक, गारखेडा
२) (सही) डॉ. द्वारकाबाई कारभारी शेळके, पुंडलिकनगर

ठिकाण: छत्रपती संभाजीनगर
दिनांक: १० जून २०२४, सोमवार